पाहुण्यांचे गुडघे

"तुमच्या चारही बाटल्या गेल्या," रक्तपेढीच्या खिडकीतली बाई म्हणाली.

गवंड्याला आधी कळलंच नाही. "गेल्या म्हणजे? फुटल्या?"

"वरच्या मजल्यावर द्याव्या लागल्या. पाहुण्यांना."

पाहुणे म्हणजे परदेशातून विमानाने आलेले पेशंट, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची लिफ्टसुद्धा वेगळी होती. गवंड्याची बायको खालच्या वॉर्डात होती. पोटातल्या गाठीमुळे रक्त जाऊन जाऊन तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. आज तिचं ऑपरेशन. रक्ताचा गट मुलखावेगळा. तो जुळवायला त्याने सगळं गोत पालथं घातलं होतं. तिचा भाऊ मिळाला, दोन चुलतभाऊ मिळाले, आणि चौथा नेमका साडू, ज्याने उभ्या जन्मात कुणाला चहा पाजला नव्हता. "याच्या हातून काही सुटलेलं आज पहिल्यांदा बघतोय," म्हणत काल सगळे हसले होते. खाटेवर पडून रक्त देता देता साडूही हसला होता.

"काय झालंय त्यांना?"

"दोन्ही गुडघे बदलले. रक्त थांबेना." बाईने आवाज खाली आणला. "तिकडे म्हणे वर्ष वर्ष नंबर लागत नाही."

"मग हिचा नंबर?"

"आणखी चार माणसं आणा. आणलीत की लगेच घेतील."

"त्यांनी का नाही आणली?"

"असं काय करता दादा? त्या बिचाऱ्यांचं इथे कोण आहे? तुमचं गणगोत मोठं."

गवंड्याने बोटांवर नावं मोजून पाहिली. गणगोत मोठं होतं खरं. पण गट जुळणारे ते चौघेच, आणि त्यांचं रक्त आता तीन महिने कुणी घेणार नव्हतं. त्याचं स्वतःचं तर जुळतच नव्हतं.

मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी त्याला बाजूला सारलं, बांगड्या वर चढवल्या आणि हात कोपरापर्यंत खिडकीतून आत घातला.

"माझं घे बाई. लेक माझीच आहे, गटही तोच."

"आजी, तुमचं नाही चालत. वय झालंय."

"त्या वरच्याचं वय काय?"

"असतील अठ्ठ्याहत्तर."

"मग?"

"अहो आजी, त्यांना द्यायचं नाहीये. घ्यायचंय."

हे तिने अगदी समजुतीने सांगितलं. मग जेवायची वेळ झाली म्हणून तिने खिडकीची काच ओढली. काच हातावर येऊन अडली. सासूबाईंनी हात काढला नाही.