नेहमीचाच आकडा

चहा यायला उशीर झाला, म्हणून उपळेकरांनी आज सूर्य खरोखरच मोजला. छतातल्या भोकातून फळ्यावर पडलेल्या सूर्याच्या गोळ्याला मधली रेषा ओलांडायला एकशे तीस सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर सूर्य फुगला समजायचं, टेकडीवरून भोंगा वाजवायचा आणि अख्ख्या गावाने भुयारात शिरायचं. आज एकशे चौतीस लागले.

बोट भोंग्याच्या बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. गेल्या वर्षी चुकून वाजवला, तर गाव त्यांना महिनाभर 'भोंगेकर' म्हणत होतं. पण खाली मैदानात त्यांची लेक मंजिरी शाळेबरोबर भर उन्हात लेझीम खेळत होती.

त्यांनी किनाऱ्यावरच्या केंद्रात फोन लावला. तिथे सूर्य चार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो.

"गद्रेबाई, तुमचा आकडा?"

"नेहमीचाच की! एकशे अठ्ठावीस. लिहूनही झाला."

"अहो, तुमच्याकडे अजून माथ्यावर आलाय कुठे?"

"मोठे आले मोजणारे! दिवाळीपासून आपण एकमेकांचाच तर उतरवतोय."

"आज मोजला. एकशे चौतीस."

पलीकडे खुर्ची सरकली. "गंमत करताय ना, भाऊ?"

"पोरीची शपथ."

"थांबा. फोन ठेवू नका."

उपळेकर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत राहिले. मैदानात लेझमीच्या तीन फेऱ्या झाल्या. फोनमध्ये घड्याळाचं बटण एकदा वाजलं. मग कितीतरी वेळाने पुन्हा वाजलं.

फोनमधून आकड्याऐवजी गद्रेबाईंच्या केंद्राचा भोंगा ऐकू आला, तेव्हा उपळेकरांनी बटणावर अख्खा तळहात दाबून धरला.