चौथा पाय

चौथा पाय कापायचा राहिला होता, तेवढ्यात फाटक वाजलं.

"आले!" खिडकीतून चिमणी ओरडली. "आत्या, सगळे आले!"

"येऊ देत. तू इकडे ये आणि पाय धर."

नाताळच्या जेवणाचं मोठं टेबल जुन्या चादरीवर उताणं पडलं होतं. तीन पाय अर्धे झालेले, एक तेवढा शाबूत. भोवती पोरांचा घोळका, सगळ्यांच्या केसांत भुसा. मोठी माणसं चर्चला गेली की पोरं आत्याच्या गळ्यात, हे दरवर्षीचंच. आत्या सुतारकाम करते आणि तिची करवत कधी लांब नसते, हेही सगळ्यांना ठाऊक. तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही, आता बोला!

दार उघडलं. पुढे आजी, दादाचा हात धरून. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. मागून त्याचा मुलगा बाळ्या आणि बाळ्याची नवी कोरी बायको, त्यांच्यामागे पोरांचे आईबाप. आत पाऊल टाकलं आणि सगळे जागच्या जागी थिजले.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दादा ओरडला. "एवढं चांगलं टेबल!"

"चांगलं असणारच. मी केलंय." करवत काही थांबली नाही. "लाकूड मी आणलं, रंधा मी मारला. दरवर्षी मांडते मी, पुसते मी. बसले मात्र कधीच नाही."

खरंच होतं ते. या घरात नाताळच्या दिवशी मोठ्या टेबलाशी लग्न झालेले बसतात. बाकीच्यांनी भिंतीकडच्या लहान टेबलाशी, स्टुलांवर. बाकीचे म्हणजे सगळी पोरं आणि आत्या. केस पांढरे व्हायला लागले तरी आत्या आपली तिथेच, गुडघे हनुवटीला टेकवून. आणि आज सकाळी आजीने बाळ्यासाठी आणि त्याच्या बायकोसाठी दोन खुर्च्या वाढवल्या. ज्याचं शेंबडं नाक आत्याने पुसलं, तो बाळ्या! वर आत्याला म्हणाली, "तू तुझ्या नेहमीच्या जागी बस हं." त्या "हं"ने आत्याचं पित्त खवळलं.

"आत्या, माझी खुर्ची घे ना तू," बाळ्या पुढे येत म्हणाला. "मी बसतो पोरांत. खरंच."

"तुझी मेहेरबानी तुझ्यापाशी ठेव. आणि या पोरांना टाकून मी वर येऊ? काय म्हणून? तुम्ही या की खाली!"

चौथा तुकडा दणकन जमिनीवर पडला. पोरांनी एकच गिल्ला केला.

आता टेबल सुलटं करायचं होतं, आणि ते काही एकटीचं काम नव्हतं. आत्या एका टोकाला जाऊन उभी राहिली. "या कुणीतरी." कुणी हललं नाही. दादा छताकडे बघत होता, बाळ्या दादाकडे. मग बाळ्याच्या बायकोने हातमोजे काढले आणि कोटाच्या खिशात कोंबले.

"कुठून धरू, आत्या?"

टेबल सुलटं झालं, लहान टेबलाला नेऊन भिडवलं. एका पातळीत, केसाचाही फरक नाही. पांढरा टेबलक्लॉथ पुरेना, तो पोरांनी ओढून ओढून पुरवला. उशा आल्या, स्टुलं आली, खेळण्यांची खोकी पालथी पडली. भट्टीतून निघालेली कोंबडी मधोमध आली. सगळ्यांत धाकट्याने टाचा न उंचावता ताटात काय काय आहे ते पाहिलं आणि भसकन एका बटाट्यात बोट घातलं.

आजी अजून उभीच होती. "मला बसता येतं का एवढं खाली? माझे गुडघे माहीत नाहीत तुला?"

"तुझ्या खुर्चीचे पाय सगळ्यांत आधी कापलेत, आई. तुझ्या मापाने."

"आणि मला उठवणार कोण?"

"रोज कोण उठवतं?"

आजीने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसली.

राहिला दादा. "मी उभ्यानेच जेवेन," त्याने जाहीर केलं. कोंबडी कापायची सुरी दरवर्षी त्याच्याच हाती, म्हणून तो ऐटीत पुढे झाला, सुरी उचलली, वाकला. आणखी वाकला. पाठीत उसण भरली तशी "आई गं" म्हणत त्याने सुरी खाली ठेवली. चिमणीने पटकन त्याच्यामागे स्टूल सरकवलं. दादा त्याच्यावर कसाबसा टेकला, आणि त्याचे गुडघे टेबलावर असे आपटले की सगळ्या बशा खणखणल्या.

"काका, असे बाजूला घ्यायचे," चिमणी मन लावून शिकवायला लागली. "आधी दुखतात. मग सवय होते. आत्याला झालीये ना."

"मला नाही झाली," आत्या म्हणाली, आणि दादाच्या पुढ्यातली सुरी उचलून तिने कोंबडीला लावली.