बाई काय म्हणाल्या

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, या वेळी जरा मोठ्यानं. इंग्रजी न कळणाऱ्यांशी त्या नेहमीच मोठ्यानं बोलत.

समोरच्या बाकावर आई अवघडून बसली होती. लॉन्ड्रीतली पाळी संपवून ती तशीच आली होती. हातांची बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती. इंग्रजीचा तिला गंध नव्हता. म्हणून दोघींच्या मध्ये दुभाषी होती. बाई थांबल्या की ती आईला घरच्या भाषेत सांगे, आई थांबली की बाईंना इंग्रजीत. कुठं अडखळणं नाही की शोधाशोध नाही.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या उच्चारांना मुलं हसली, तेव्हापासून नाहीच. गणितं बरोबर येतात, पण ती शेजारणीचं बघून लिहीत असणार. कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिला वाचायला काय देता, असं आईनं विचारलं.

चित्रं रंगवायला देते, बाई म्हणाल्या. ज्याला जे झेपेल ते.

आईला राहवलं नाही. घरी तर मुलगी धाकट्या भावाला इंग्रजी गोष्टी वाचून दाखवते, तिनं सांगितलं. एकदा पुस्तक हातात देऊन तर बघा.

ते इंग्रजीत ऐकून बाई हसल्या. प्रत्येक आईला आपलं लेकरू हुशारच वाटतं. चित्रं बघून मनचं सांगत असेल.

आई पुन्हा तेच म्हणाली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आता स्पष्टच बोलायला हवं होतं.

"मुलगी मंद आहे. तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल."

दुभाषीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"काय म्हणाल्या बाई?" आईनं विचारलं.

"म्हणाल्या, थोडा वेळ लागेल," दुभाषीनं सांगितलं.

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं बाईंचे आभार मानले. दुभाषीनं तेही नीट पोचवलं.

"सगळं सांगितलंस ना आईला?" बाईंनी विचारलं.

दुभाषीनं मान हलवली.

"शाब्बास. आता दप्तर उचल, आणि उद्यापासून भावाच्या वर्गात बसायचं."