खुर्ची अडवणारी गोळी

हेडक्लार्कच्या बायकोने गोळ्यांची पट्टी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर परत सरकवली. हे औषध कॅन्सरला देतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि आता ब्रह्मदेव आला तरी ती ते घेणार नव्हती. तिचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. बोटांचे सांधे असे सुजले होते की चिमटा धरवेना. महिनाभर दुकानाला कुलूप. हेडक्लार्कचा जीव नुसता खालीवर होत होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शरीराच्याच रक्षक पेशी सांध्यांवर चालून आल्यात, आणि त्या सारख्या वाढत असतात. वाढायचं तर नवा डीएनए हवा, आणि त्यासाठी एक एन्झाइम लागतं. ते फॉलेट नावाचं जीवनसत्त्व कामाजोगं करून देतं. ही गोळी दिसायला हुबेहूब फॉलेट. ती एन्झाइममधली फॉलेटची जागा पटकावते आणि ढिम्म बसून राहते. मग डीएनए नाही, नव्या पेशी नाहीत, सूज उतरते. कॅन्सरला डोस मोठा, इथे अगदी थोडा.

बायकोच्या कपाळावरची आठी काही जाईना. नुसतं बसून राहिल्याने काम कसं बंद पडेल, असं तिचं म्हणणं.

हेडक्लार्कने घसा खाकरला. घरात त्याने आजवर एकच पाढा वाचला होता: मी एक दिवस रजा घेतली तर ऑफिस कोलमडेल. तो पाढा आता गिळावा लागणार होता. गिळला बिचाऱ्याने.

“अगं, माझ्यासारखं,” तो म्हणाला. “इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लोकांना वाटतं, हाच कामाचा माणूस. रांग माझ्याच खिडकीपुढे लागते. मी फाइल घेतो आणि बसतो. स्वतः उठत नाही, दुसऱ्याला बसू देत नाही. दुपारपर्यंत अख्खं खातं थंड.”

डॉक्टरीणबाई मान खाली घालून कागद चाळू लागल्या. बायको मात्र नवऱ्याकडे बघतच राहिली. हेडक्लार्कचे कान तापले. पण तिचा हात पट्टीकडे गेला तेव्हा त्याला हायसं वाटलं. घ्यायची कशी, तिने विचारलं.

“आठवड्यातून एकच दिवस,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं. “चुकूनही रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतेल.”

बायकोने पट्टी पर्समध्ये टाकली.

“एकच दिवस? मग पचेल. यांना तर मी एकतीस वर्षं रोज पचवतेय.”