पंखवाला की विजेवाला

“भाऊजी, तुमचा विजेवाला एकदा तरी थकतो का?” मनकर्णाने कमरेवर हात ठेवून विचारलं. “जो थकतच न्हाई, त्याचं कवतिक कशाला करायचं?”

“थकायला तो काय माझ्यासारखा कंडक्टर हाय का वैनी?” आश्रुबा म्हणाला. देवगाव फाट्यावरच्या त्या हॉटेलात चहा पिणारे प्रवासी हसले.

वाद रोजचाच होता. सिनेमे दोन, आणि दोन्हींत अचाट ताकदीचा माणूस. एकात अंगावर वीज पडून ताकद आलेला माणूस एका हाताने आगगाडी थांबवायचा. दुसऱ्यात पाठीला पंख फुटलेला माणूस कोसळणारा पूल खांद्यावर पेलायचा. सिनेमांची नावं कुणी घेत नसे. एक विजेवाला, एक पंखवाला. मनकर्णा परभणीची. तिचे वडील तिथल्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होते, त्यामुळे तिने दोन्ही सिनेमे कितीदा तरी बघितले होते. आश्रुबाला मुक्कामाच्या गावी सिनेमा बघण्याचा नाद होता. कुठला भारी, यावर दोघांचं एकमत कधी झालं नाही.

“पूल धरताना पंखवाल्याचे हात कसे थरथरायलेत, बघितलं का?” मनकर्णा म्हणाली. “भीती वाटायली, तरी सोडंना. त्याला म्हनायचं हिरो.”

“अन् पाठीला बांधलेली तार दिसायली, ती न्हाई बघितली?”

“दिसली तर दिसली! तुमच्या विजेवाल्यानं तर पँटीवरून चड्डी घातलीय.”

सगळं हॉटेल हसलं. भट्टीपाशी उभा असलेला सिताराम तेवढा हसला नाही. हॉटेल त्याचं, मनकर्णा त्याची बायको आणि आश्रुबा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने मात्र दोन्हींपैकी एकही सिनेमा बघितला नव्हता.

लग्न होऊन आल्यापासून मनकर्णा त्याच्याशी कधी असे हातवारे करून बोलली नव्हती. चहापत्ती संपली, दूध नासलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, एवढंच बोलणं. एस.टी.चा हॉर्न वाजला की मात्र तिचा चेहराच बदलायचा. मधे नामांतराच्या बंदमुळे एक दिवस गाड्या धावल्याच नाहीत. त्या दिवशी ती पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत राहिली. सितारामच्या मनात ते रुतून बसलं. आश्रुबाच्या चहात तो मुद्दाम साखर कमी टाकू लागला. आश्रुबा तोही चहा मिटक्या मारत प्यायचा. त्याचाही सितारामला राग यायचा.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, साखर आणायला म्हणून तो सेलूला गेला आणि दुपारच्या खेळाला जाऊन बसला. पंखवाला लागला होता. तो आपल्याला आवडू नये, असं त्याला फार वाटत होतं. पण पूल खचला. पंखवाला खाली जाऊन उभा राहिला, त्याचे हात थरथरू लागले आणि अंधारात सितारामच्या डोळ्यांत पाणी आलं. मनकर्णाचं खरं होतं.

पुढे जिंतूरला जाऊन तो विजेवालाही बघून आला. तो त्याला पोकळ वाटला. परतीच्या गाडीत तो मनातल्या मनात तिच्याशीच बोलत होता. आधी पुलाचं काढू. मग तारेचं. ती काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणू. फाटा कधी आला ते त्याला कळलं नाही.

हॉटेलापुढे आश्रुबाची गाडी उभी होती. आत आश्रुबा पाठीला तिकिटांची पेटी लावून, दोन्ही हात पसरून बाकड्यावर उभा होता. पंखवाल्याची नक्कल चालली होती. मनकर्णा हसून हसून खाली बसली होती. तोंडात पदर कोंबलेला, तरी हसू आवरत नव्हतं.

सितारामच्या ओठांवर आलेलं सगळं तिथंच राहिलं. गाडी निघताना तो आश्रुबाच्या मागोमाग गाडीच्या दारापर्यंत गेला.

“आश्रुबा, उद्यापासून चहाला उतरत जाऊ नको. लोक बोलायलेत.”

खरं तर लोक काहीच बोलत नव्हते.

आश्रुबा पायरीवर थबकला. “लोक बोलायलेत, का तू?”

“लोक.”

आश्रुबाने घंटी मारली. गाडी हलली.

त्यानंतर गाडी फाट्यावर थांबायची, प्रवासी चढायचे-उतरायचे, आश्रुबा आतच बसून राहायचा. मनकर्णाने एकदाच विचारलं, “भाऊजी उतरंनात?”

“गाडीला टाइम कमी दिलाय म्हनं.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

काही दिवस गेले. एका दुपारी हॉटेलात कुणी नव्हतं. मनकर्णा ग्लास विसळत होती. सितारामने घसा साफ केला. मनात होतं त्याच्या नेमकं उलट बोलायचं त्याने ठरवलं होतं. तिने भांडावं म्हणून.

“मी बघितले दोन्ही शिनेमे. मला तर विजेवालाच भारी वाटतो.”

तिने चमकून वर बघितलं. सितारामला वाटलं, आता ती हात पुसणार, कमरेवर ठेवणार.

“हात थरथरायलेत, असला कसला हिरो तुझा पंखवाला?” तो म्हणाला. “बोल की! नुसती तार दिसायली त्याची.”

मनकर्णाने ओल्या हातांनी डोक्यावरचा पदर नीट केला. “तुमी म्हनता ना,” ती खाली बघत म्हणाली, “मंग विजेवालाच चांगला.”