मंगळवार आणि शनिवार

नेव्हिलने सॉसेज-रोलची बशी दाणकन टेबलावर आपटली. सॉसचा ओघळ पांढऱ्या टेबलक्लॉथवर गेला, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होता.

टीव्हीवर रॉसचे फोटो लागले होते. सकाळी त्याला शेवटचा निरोप देऊन सगळे पोर्ट पिरीच्या बोलिंग क्लबात चहाला जमले होते. लग्नातला रॉस झाला, धक्क्यावर मासे पकडणारा रॉस झाला. आणि आता हा रॉस विमच्या शेडमध्ये बसलेला. मांडीवर त्याचा जुना लॅपटॉप, आणि लॅपटॉपचा पडदा जांभळा-केशरी. उबुंटूचा.

नेव्हिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिसं गाळायच्या कारखान्यात नेव्हिल, विम आणि रॉस तिघांनी वीजखात्यात जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर तिघांनी मिळून लिनक्सचा गट काढला. लोकांनी टाकून दिलेले संगणक आणायचे, त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट प्रणाली घालायची आणि गरजूंना द्यायचे. काम चांगलं होतं, म्हणूनच त्याला दृष्ट लागली. लिनक्सचे अवतार शेकडो. नेव्हिलचा देव डेबियन, विमचा उबुंटू. उबुंटू हे डेबियनच्याच पोटचं पोर, हे दोघांनाही पाठ होतं. पण भाऊबंदकीचं भांडण परक्यांच्या भांडणापेक्षा चिवट असतं. गट फुटला. नेव्हिलचा मंगळवारी वाचनालयात बसू लागला, विमचा शनिवारी शेडमध्ये. तेव्हापासून सुपरमार्केटात समोरासमोर आले तरी दोघं ट्रॉली वळवून घेत.

रॉस मात्र नेव्हिलचा होता. मंगळवार कधी चुकवला नाही त्याने. नवा कोणी आला की नेव्हिल त्याच्यासमोर रॉसचा लॅपटॉप धरायचा. "बघ, मशीन म्हातारं झालंय, पण डेबियनवर कसं पळतंय." रॉस नुसता हसायचा.

म्हणून तर आज रॉसबद्दल चार शब्द बोलायचा मान नेव्हिलचा होता. रॉसच्या बायकोने, मॉरीननेच तसं सांगितलं होतं.

विम खिडकीपाशी एकटा उभा होता. नेव्हिल तरातरा त्याच्यासमोर गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"त्याला बाटवलंस तू."

विमने कप खाली ठेवला. "कोणाला?"

"वेड पांघरू नकोस. तो फोटो बघ. माझ्या माणसाच्या मशीनवर तुझा कचरा घातलास."

"तुझा माणूस?" विमचा गोरा चेहरा लालबुंद झाला. "दर शनिवारी येत होता तो माझ्याकडे. पहिल्यापासून. त्याचंच मशीन दाखवायचो मी सगळ्यांना. म्हणायचो, उबुंटू काय चीज आहे ते बघा."

"खोटारडा."

"विचार शेडमधल्या कोणालाही."

कोणी नेव्हिलच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला. आपण त्याला जिवाभावाचा मानला, आणि हा आपल्या पाठीमागे शत्रूच्या घरी जाऊन बसत होता. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. नेव्हिलला आला, आणि तो त्याने लपवलाही नाही.

"मॉरीन," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मी बोलणार नाही. या विमलाच उभं कर. त्याचा माणूस होता म्हणे."

मॉरीन कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसली होती. टीव्हीवरचे फोटो रॉसच्याच लॅपटॉपवरून चालले होते. तिने फोटो बंद केले. टीव्हीवर लॅपटॉपचा पडदा आला. निळा, मधोमध लाल भोवऱ्याची खूण. डेबियनचा.

"बघ," नेव्हिल विमकडे वळून गरजला. "शेवटी माझ्याकडेच परतला."

मॉरीनने माउस दोनदा टिचकवला. पडदा जांभळा-केशरी झाला. आणखी दोनदा टिचकवला. पुन्हा निळा, पुन्हा लाल भोवरा.

"हा मंगळवारचा," ती म्हणाली. "तो शनिवारचा. निघताना दारात उभा राहून बदलायचा. मला हाक मारून विचारायचा, आज वार कोणता गं? आतलं कधीच काही बदललं नाही त्याने. फक्त पडद्यावरचं चित्र."

कोणीतरी हसू दाबलं. नेव्हिल आणि विम टीव्हीकडे टक लावून बघत राहिले.

"पण मग आत," विम म्हणाला, आणि त्याच क्षणी नेव्हिलच्याही तोंडून तेच निघालं, "आत होतं तरी कोणतं?"

मॉरीन उठली. दिवसभरात ती रडली नव्हती, आताही रडली नाही. तिला संताप आला होता.

"ते मला विचारता? त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होतात तुम्ही दोघं. हे तज्ज्ञ, ते तज्ज्ञ. एकाला तरी ओळखू आलं?"

बाहेर हिरवळीवर मॅगपाय पक्षी ओरडत होते.

"घरी आला की मी विचारायचे, आलं का कोणाच्या लक्षात? म्हणायचा, अजून नाही गं. दोघांपैकी एकाने जरी पकडलं ना, तर दोघांना घरी बोलावून एका टेबलावर जेवू घालणार होता. पकडलं जाण्याची वाट बघत होता तो, शेवटच्या शनिवारपर्यंत."

तिने टेबलाशी दोन खुर्च्या ओढल्या आणि नेव्हिलने आपटलेली बशी दोघांच्या मध्ये सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "त्याने बोलावलंय."