वादिराजांचा खोकला

घशात पुन्हा काहीतरी वळवळलं आणि वादिराजांनी ओळखलं, हा दुसरा खोकला पहिल्यापेक्षा थोरला असणार.

पहिल्यानं मघाशीच घोळ घातला होता. धारवाडच्या रेडिओ केंद्रात लोकगीतांचं रेकॉर्डिंग चाललं होतं. समोर बोलावलेले थोडे श्रोते, मंचावर अळणावराकडच्या भागीरथीअक्का, त्यांच्यामागं सूर धरायला दोघी सुना, आणि भिंतीवर लाल दिवा. दिवा लागला की फोन बंद, हालचाल बंद, टाळीसुद्धा दिवा विझल्यावरच. अक्कांनी शेवटचं गाणं उचललं आणि दुसऱ्याच ओळीवर वादिराज खोकले. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले संजीव बाहेर आले. "इन्नोम्मे, अक्का. पुन्हा पहिल्यापासून." सगळ्या माना वादिराजांकडं वळल्या. वेणूबाईंनी या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असा चेहरा केला, आणि पर्समधली लवंग गुपचूप नवऱ्याच्या मुठीत कोंबली.

आता दिवा परत लागला होता आणि लवंगेनं हात टेकले होते.

वादिराजांना तीन गोष्टींचं वेड. लोकगीतांचे कार्यक्रम, रेडिओ आणि टीव्हीवरची अंतराळयानाची मालिका. नवनगरातल्या त्यांच्या घरात वेणूबाई या तिघींचा उल्लेख सवतींसारखा करत. निवृत्त सरकारी माणसाला एखादं वेड शोभतं, तीन म्हणजे जरा अतीच, असं त्यांचं म्हणणं. पण वादिराजांच्या लेखी ती तिन्ही वेडं मिळून एकच होती. मालिकेतलं यान सूर्यमालेच्या कडेला पोचतं आणि तिथं यानातल्या माणसांना पृथ्वीवरचा कुठलातरी जुना रेडिओ कार्यक्रम ऐकू येतो, हा भाग बघितल्यापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं, की रेडिओवर लागलेलं काहीच संपत नाही. ते पुढं जातच राहतं. म्हणजे भागीरथीअक्काही जाणार. भात लावता लावता गाणं शिकलेली, समोरच्या माईककडं ढुंकूनही न बघणारी ही बाई एक दिवस चांदण्यांत पोचणार! या विचारानं त्यांचा ऊर भरून येई. आणि आता त्याच गाण्यात, कायमचा, आपला खोकला?

पण उठून जावं तर गाणं जात होतं. लेकीच्या बोळवणीचं हे गाणं वादिराजांनी अक्कांच्या तोंडून पुरतं कधीच ऐकलं नव्हतं. केलगेरीच्या कार्यक्रमात दम लागला म्हणून अक्कांनी ते सोडून दिलं होतं. आज त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, यापुढं बाहेर गायला यायची नाही. ऐकायचं तर आत्ताच, नाहीतर राहिलंच.

अक्कांनी पहिली ओळ म्हटली. काय तो आवाज! वयानं चिरलेला, आणि त्या चिरेतूनच सगळं आत शिरत होतं. वादिराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं गाण्याचं, निम्मं खोकल्याचं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, चपला हातात घेतल्या आणि चोरासारखे दाराबाहेर सटकले.

बाहेर ते पोटभर खोकले. मग दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. आतलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. अक्कांचे ओठ हलत होते, हात हवेत कुणाची तरी पाठ थोपटत होता. वादिराजांना भयंकर वाईट वाटलं. तरी गाणं निर्मळ राहिलं, याचं बरंही वाटलं.

एकाएकी अक्कांचे ओठ थांबले. वादिराजांच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवून त्या काहीतरी बोलत होत्या. लाल दिवा विझला, आणि वेणूबाई दार उघडून बाहेर आल्या.

"अहो, या आत. तुमच्यावाचून गाणं अडलंय."

वादिराज चपला हातात घेऊनच आत गेले.

"कुठं गेल्ता अण्णा?" अक्का म्हणाल्या. "बाकीचं समदं त्या दिव्याकडं बघत बसल्यात. तुमी एकलेच गाणं ऐकत हुता. तुमी उठला, आन् माझं गाणं कुणापाशी जाऊ म्हणून घुटमळलं."

"अक्का, खोकला गाण्यात येईल," संजीव नरमाईनं म्हणाले. "मग तो काढता येत नाही."

"तेच," वादिराज घाईनं म्हणाले. "मी बाहेरच बरा. अक्का, तुमचं गाणं लांब जाणार आहे. फार लांब. त्यात माझी खोकखोक नको."

"किती लांब? बेळगावापत्तोर?"

वादिराजांनी एकदा बायकोकडं बघितलं. मग धीर करून खरं काय ते सांगून टाकलं. "चांदण्यांच्याही पलीकडं."

सभागृह खळखळून हसलं. सुनासुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. वेणूबाईंनी कपाळाला हात लावला.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी वर, छताकडं, जरा वेळ बघितलं. मग पदर सारखा केला आणि पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीकडं हात केला.

"मग तर बसाच. एवढ्या लांब लेक धाडायची, आन् संगं पाठराखणीला कुणी नको?"